आजीचं नाक आणि शे-दीडशे रुपयांचा सेन्सर

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जायचं म्हणजे आधी सिरिंजवर चालणारे जेसीबी बघायचे, मग सोडा-व्हिनेगरचे ज्वालामुखी, मग टाकी भरली की वाजणारा बझर, आणि एकतरी थर्माकोलचं स्मार्ट गाव असतंच, ज्यातली पवनचक्की पोरगं हळूच फुंकर मारून फिरवतं. चेष्टा नाही करत हां. पोरांनी स्वतः केलेला असेल तर सिरिंजचा जेसीबीपण मला आवडतो, पास्कलचा नियम त्यात बोटांना कळतो. पण हल्ली बरीच मॉडेलं ऑनलाईन मागवलेली किटं असतात आणि सोबत पाठ केलेलं भाषण, "आदरणीय परीक्षक महोदय" पासून. मध्येच थांबवलं की पोरगं परत पहिल्यापासून सुरू करतं.

मी नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या पट्ट्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. त्या दिवशी माध्यमिक गट, म्हणजे 9वी ते 12वी, आम्हा तिघांकडे होता. एक निवृत्त सर, एक ज्युनियर कॉलेजचे फिजिक्सचे सर आणि मी. डिसेंबर, सकाळची थंडी, शाळेच्या हॉलमध्ये एक्स्टेन्शन बोर्डांची जत्रा आणि तेवढ्यात दोनदा लाईट गेलेली.

एका कोपऱ्यात नववीतला एक पोरगा उभा होता. टेबलावर जवळपास काहीच नाही. एक रिकामा प्लास्टिक क्रेट, त्यावर गोणपाट, जुन्या टिफिनच्या डब्यात बसवलेला अर्डुइनो, म्हणजे सेन्सरचे आकडे वाचणारा छोटा सर्किट बोर्ड, त्याला जोडलेला छोटा गॅस सेन्सर, बझर आणि दोनशे पानी वही. चार्टवर स्केचपेनने लिहिलेलं: चाळीतला सडका कांदा लवकर ओळखणे. मनात म्हणलं चला, हा निदान आपल्या भागातला विषय.

ज्यांना चाळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिल-मेमध्ये निघतो. भाव पडलेला असतो म्हणून शेतकरी तो चाळीत भरतो आणि पुढचे चार-पाच महिने वाट बघत बसतो. चाळ जमिनीपासून उचललेली असते, खालून-बाजूने हवा खेळती राहते, तरी पावसाळ्यात कांदा सडतो, कोंब येतात, काजळी धरते, वजन घटतं. ढिगाच्या मध्ये एक कांदा सडला तर तो बाहेरून दिसत नाही, आणि त्याचं पाणी सुटलं की आजूबाजूचे पण जातात. दिसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणजे लवकर कळलं तर खरंच पैसा वाचतो, ही काय प्रदर्शनापुरती समस्या नाही.

मी विचारलं, "हं, दाखव बरं कसा चालतो?"

तो म्हणाला, "मॅडम, चालत नाही."

मागे त्याचे सर उभे होते, त्यांनी डोळे मिटले. ते हळूच म्हणाले पण, "अरे बाळा, सांग ना नीट." तर हा म्हणे, "नीटच सांगतोय सर."

मग त्याने जे सांगितलं ते आम्ही तिघं बराच वेळ ऐकत उभे राहिलो, रांगेत पुढचे प्रकल्प होते तरी. त्याच्या घरी चाळीतला कांदा खराब झालाय का हे आजी सांगते. चाळीच्या कडेने चालत जाते, मध्येच थांबते आणि म्हणते इथं बघा. म्हणून ह्याला वाटलं की आजीला वासच येत असणार तर मशीनला पण यायला पाहिजे. एमक्यू-135 नावाचा सेन्सर शे-दीडशे रुपयांत मिळतो, अमोनिया, गंधकाचे वायू, धूर, अल्कोहोल असं बरंच काही ओळखतो, तो मामाकडून नाशिकहून मागवला. आणि मग, हे मला फार आवडलं, सेन्सर बरोबर आहे की नाही हे तपासायला त्याने सरळ आजीशीच मॅच लावली.

चार क्रेट कांदा, पडवीच्या चार कोपऱ्यांत, वास मिसळू नये म्हणून लांब लांब. वरून गोणपाट, म्हणजे आजीला दिसायला नको. रोज संध्याकाळी धाकटी बहीण क्रेटची अदलाबदल करणार, म्हणजे कालचं आजीच्या लक्षात असलं तरी उपयोग नाही. आजी आधी वास घेऊन सांगणार कुठला खराब, मग हा सेन्सरचा डबा प्रत्येक क्रेटवर अर्धा तास ठेवून आकडा लिहिणार, आणि आकडा आजीला सांगायचा नाही. दर रविवारी क्रेट उघडून मोजायचं की किती सडले. सडका काढून टाकला तर प्रयोगच संपला, म्हणून तो तसाच परत आत ठेवायचा, आणि यावरून वडिलांची बोलणी खाल्ली ती पण वहीत आहेत. "आज पप्पा रागावले, क्रेट 3 चे वाचन उशिरा."

फिजिक्सचे सर माझ्याकडे बघायला लागले. बीएस्सीच्या पोरांना कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) आणि ब्लाइंड टेस्ट (तपासणाऱ्याला उत्तर आधी कळू न देता घेतलेली चाचणी) समजावताना घसा सुकतो, आणि इथं नववीतला पोरगा बहिणीला हाताशी धरून ते पडवीत करून बसलेला. त्याला हे शब्दही माहीत नव्हते. विचारलं बहिणीला का घेतलं तर म्हणे "आजी हुशार आहे मॅडम, क्रेट ओळखून ठेवते."

मी वही घेऊन खुर्चीवरच बसले. एका पानावर लिहिलेलं, "आजीला सर्दी, आज वाचन नाही." पुढच्या दिवशी "सर्दी आहेच." त्याच्या पुढच्या दिवशी "शेजारच्या काकूंना बोलावले, त्यांना सगळेच खराब वाटले." मी मोठ्याने हसले, निवृत्त सर पण हसले. पण नोंद बघा ना किती सच्ची, उपकरण बिघडलं तर ते लिहिलं, दुसरं उपकरण आणलं, ते विश्वासाचं नाही हेही लिहिलं.

निकाल काय, तर आजी जिंकली. सडायला लागलेला क्रेट ती सेन्सरच्या कितीतरी दिवस आधी ओळखायची. सेन्सरचा आकडा 0 ते 1023 मध्ये येतो, कोरड्या दिवशी 200 च्या आसपास रहायचा आणि पाऊस लागला की चारही क्रेटवर 300 च्या वर, कांदा चांगला असला तरी. "पाऊस आला की हा बोंबलतो," असं त्याचं म्हणणं. मग त्याने डीएचटी-11 लावून हवेतली आर्द्रता लिहायला सुरुवात केली आणि ग्राफ पेपरवर दोन्ही रेघा काढल्या, दोन्ही बरोबरच वर-खाली. म्हणजे त्याचं मशीन कांदा कमी आणि पावसाळा जास्त मोजत होतं. हे खरं आहे, या सेन्सरमध्ये तापलेलं टिन ऑक्साईड असतं, वायू लागला की त्याचा रोध बदलतो, पण दमटपणानेही बदलतो. शिवाय आत हीटर असतो, लाईट गेली की तो थंड, आणि आल्यावर बराच वेळ आकडा जागेवर येत नाही. आमच्याकडे लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको, त्याने प्रत्येक वेळ लिहून ठेवलीये.

मी मुद्दाम विचारलं, इथं निदान बझर वाजवून तरी दाखवायचा ना, आता डिसेंबरात चाळीतला कांदा संपला असला तरी. तर तो म्हणाला, "सॅनिटायझर लावलेला हात जवळ नेला की वाजतो मॅडम. पण मग ते कांद्याचं नाही ना, फसवणं झालं."

बाकी पण चौकशी केली. खो-खोत जिल्ह्यापर्यंत खेळलाय. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्ती लागलीये, म्हणजे बारावीपर्यंत वर्षाला 12,000. बाटली कापून पर्जन्यमापक केलाय आणि वहीच्या मागच्या बाजूला मार्केटचा रोजचा कांद्याचा भाव. तो कशाला? "पप्पा विचारतात." एवढंच.

गुण देताना मात्र जुंपली. परीक्षणाचे निकष ठरलेले असतात, मुलाची स्वतःची कल्पकता 20, नावीन्य 15, वैज्ञानिक तत्त्व 15, कारागिरी 15, उपयुक्तता 15, मग कमी खर्च वगैरे 10 आणि सादरीकरण 10. निवृत्त सर म्हणाले प्रकल्प चालत नाही हे तो स्वतः सांगतोय तर उपयुक्ततेत काय द्यायचं? त्यांचं चूक नव्हतं. मी म्हणलं, हा सेन्सर चाळीत असाच लावू नका हे शेतकऱ्याला आधी कळलं तर त्याचे पैसे वाचतातच की. बाजारात असली यंत्रं विकायला येणारच आहेत उद्या. फिजिक्सचे सर माझ्या बाजूने. कारागिरीत मात्र टिफिनच्या डब्याला फार देता येईना, सादरीकरणात तर चार्टच वाकडा लागलेला. बेरीज झाली आणि तो तिसरा आला. पहिला आला तो अंध व्यक्तींसाठीच्या काठीचा प्रकल्प, दोन मुलींनी केलेला, व्यवस्थित चालणारा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

बक्षीस समारंभ झाल्यावर तो टिफिनचा डबा पिशवीत भरत होता तेव्हा मी त्याला म्हणलं, दुसरा सेन्सर घे, तो कांद्यापासून लांब नुसता हवेत ठेव, आणि दोघांच्या आकड्यातला फरक लिही. पाऊस दोघांनाही लागणार, कांदा एकालाच. त्याने तिथंच वही काढून लिहून घेतलं. त्याच्या सरांना पण सांगितलं की पुढच्या वर्षी इन्स्पायर मानकला, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेला, नाव द्या, आयडिया निवडली गेली तर प्रोटोटाईपला 10,000 मिळतात. सर म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी दहावी आहे त्याची." पोरगा खाली बघत म्हणाला, "वास तर आजी घेणारे सर, मला फक्त आकडाच लिहायचाय."

जूनमध्ये त्याचा मेसेज आला, वडिलांच्या मोबाईलवरून. क्रेट भरलेत, सेन्सर दोन झालेत, बॅटरी लावलीये म्हणजे लाईटचं टेन्शन नाही. आजी मात्र यावर्षी फुकट वास घ्यायला तयार नाही, दिवसाला दहा रुपये मागतेय, तर हा खर्च प्रकल्पात दाखवता येतो का असं विचारलंय.