अणुविजेच्या ठरावाआधी व्याजाचा हिशेब मागा

वीज सहकारी संस्थेच्या मंडळापुढे अणुविजेचा ठराव आला, की संचालकांनी युरेनियमच्या भावाआधी कर्जावरच्या व्याजाचा हिशेब मागावा. अणुवीज केंद्रात इंधन स्वस्त पडतं. महाग पडतो तो बांधकामाचा काळ. अमेरिकेत जॉर्जियातल्या ३८ वीज सहकारी संस्थांच्या ओगलथॉर्प पॉवरचा व्होग्टल केंद्राच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांत ३० टक्के हिस्सा आहे. या भट्ट्या २०१६ आणि २०१७ मध्ये सुरू व्हायच्या होत्या. झाल्या २०२३ आणि २०२४ मध्ये.

समजा, १०० कोटी डॉलरचं कर्ज ४ टक्क्यांनी घेतलं. व्याज रोजचं सुमारे १ लाख १० हजार डॉलर, आणि विकायला एक युनिटही वीज नाही. काम सात वर्षं रखडलं तर चक्रवाढीने जवळपास ३२ कोटींची भर पडते. सहकारात हा बोजा उचलायला वेगळा भागधारक नसतो. जो सभासद तोच ग्राहक, त्यामुळे सगळं त्याच्याच बिलात उतरतं. म्हणून ‘वीज मिळो न मिळो, पैसे भरायचे’ असं कलम करारात आहे का, आणि खर्च हाताबाहेर गेला तर हिस्सा कमी करता येतो का, हे सहीआधी स्वतः वाचा. वकिलाच्या टिपणावर भागवू नका.

भट्टी एकदा चालू लागली की मात्र भरवशाची. ११०० मेगावॅटची भट्टी ९० टक्के क्षमतेने चालली तर वर्षाला सुमारे ८६७ कोटी युनिट वीज देते. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांत इंधन चालू भट्टीतच बदलतात. व्होग्टलला तसं जमत नाही. साधारण दीड वर्षाने भट्टी बंद करून, पात्राचं झाकण उचलून एक तृतीयांशाच्या आसपास इंधन बदलावं लागतं. त्या आठवड्यांची वीज कुठून आणि कुठल्या दराने आणायची, याची तरतूद अंदाजपत्रकात आधीच हवी.

भट्टी बंद झाली म्हणजे थंड झाली, असंही नाही. बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या ६ ते ७ टक्के उष्णता निघतच असते. ३४०० मेगावॅट उष्णतेच्या भट्टीत ती २०० मेगावॅटच्या वर जाते. फुकुशिमात २०११ साली भट्ट्या वेळेवर बंद झाल्या होत्या; पण त्सुनामीने वीज गेली, पाणी फिरायचं थांबलं आणि इंधन वितळलं. व्होग्टलच्या नव्या भट्ट्यांवर म्हणूनच पाण्याची टाकी बसवली आहे. बाहेरची वीज नसली तरी ७२ तास पाणी आपोआप खाली येत राहतं.

राहिलं वापरलेलं इंधन. विस्कॉन्सिनमध्ये जेनोआला डेअरीलँड या सहकारी संस्थेची ५० मेगावॅटची छोटी भट्टी होती. ती १९८७ मध्ये बंद झाली. तिचं इंधन पाच कोरड्या पिंपांत भरून मिसिसिपीच्या काठी ठेवलंय. भट्टीतून विकायला वीज नाही, पहारा मात्र चालूच.