दहा सेंटिमीटरचे मालवाहू जहाज : १/३५० फाल्कनच्या कामाची नोंद

मागच्या नोंदीनंतर सात आठवडे उलटले. त्यांपैकी तीन पावसाने खाल्ले आणि एक माझ्या चुकीने. तरीही ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या मिलेनियम फाल्कन या अंतराळयानाच्या माझ्या मॉडेलचा वरचा अर्धा भाग आता रंगून तयार आहे, इंजिनाचा प्रकाश चालू झाला आहे आणि खालचा अर्धा भाग करड्या प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाआधीच्या थरात, डब्यात पडून आहे. किट (जुळणीच्या सुट्या भागांचा संच) बंदाई या जपानी कंपनीचे, १/३५० प्रमाणाचे. कथेतले जहाज सुमारे ३४ मीटर लांबीचे धरले, तर हातात येते ते जेमतेम दहा सेंटिमीटरचे. गोंदाशिवाय जुळणारे हे किट सुट्टीच्या एका दुपारी पूर्ण होते आणि तसेच कपाटात ठेवले तरी चांगले दिसते. मला मात्र त्यात भर घालायची होती, आणि ती किती घालायची हे ठरवण्यातच बराच वेळ गेला.

या प्रमाणात ०.२ मिलिमीटरची खाच म्हणजे मूळ जहाजावर सात सेंटिमीटरची फट. मॉडेल हातात धरून आपण साधारण ३० सेंटिमीटरवरून पाहतो, म्हणजे मूळ जहाज १०५ मीटरवरून पाहत असतो. हे अंतर डोळ्यांत बसावे म्हणून मी दोन-तीन सकाळी नेरुळ स्थानकाच्या फलाटावर एक प्रयोग केला. लोकलचा डबा साधारण वीस मीटरचा असतो. तेव्हा आपल्यापुढे पाच डबे सोडून त्यापलीकडे जे दिसते, तेवढेच मॉडेलवर दिसायला हवे. खिडक्यांखालून ओघळलेले डाग दिसतात, दारांच्या कडा दिसतात, छपरावरचा पेंटोग्राफ ओळखू येतो. पण स्क्रू, बिजागऱ्या आणि रिव्हेट अजिबात दिसत नाहीत, आणि मधल्या हवेमुळे काळा रंगही काळा न राहता करडा वाटतो. पाच डब्यांपलीकडून जे दिसणार नाही ते करायचे नाही, असा नियम मी त्या फलाटावरच स्वतःला घालून घेतला. तो दोनदा मोडला, हेही येथेच सांगून टाकतो.

पहिल्यांदा मोडला तो तोफांसाठी. वर आणि खाली चार-चार नळ्यांच्या दोन तोफा आहेत. त्यांच्या जागी मी ३० गेजच्या इन्सुलिनच्या सुया वापरल्या. त्यांचा बाहेरचा व्यास सुमारे ०.३ मिलिमीटर, म्हणजे मूळ जहाजावर अकरा सेंटिमीटरच्या आसपासची नळी, जी पटण्याजोगी आहे. टोकदार भाग आधी तोडून टाकला आणि उरलेली सुई काचेवर ठेवून ब्लेडखाली मागेपुढे फिरवत तीन-तीन मिलिमीटरचे तुकडे पाडले. आठ तुकडे हवे होते, अकरा पाडावे लागले, कारण तीन तुकडे ब्लेडखालून उडून फरशीवर कुठेतरी गेले. ते सापडेपर्यंत घरात कोणीही अनवाणी फिरू नये असा हुकूम निघाला होता. नळीचे पोकळ तोंड पाच डब्यांपलीकडून दिसणार नाही हे मला ठाऊक आहे. तरीही भिंगाखाली ते दिसले की समाधान वाटते.

रडारच्या तबकडीच्या बाबतीत नियम आणि इच्छा एकाच बाजूला होते. साच्यातून निघणाऱ्या प्लास्टिकला किमान जाडी लागतेच. पण अर्ध्या मिलिमीटरची कड या प्रमाणात साडेसतरा सेंटिमीटर जाडीची होते, आणि तबकडी भाकरीसारखी दिसू लागते. ती बोटाच्या टोकावर दुहेरी टेपने चिकटवून मी मागच्या बाजूने वक्र ब्लेडने खरवडली, नंतर ६०० आणि १००० नंबरच्या पॉलिश पेपरने कडेला कड उरेल न उरेल इतकी पातळ केली. प्रकाशासमोर धरल्यावर कडेचे प्लास्टिक दुधी दिसू लागले की थांबायचे, ही खूण उपयोगी पडली.

बाजूच्या भिंतींवरील यंत्रांच्या गर्दीसाठी बराच शोध घेतला. १९७७ च्या चित्रपटासाठी हे जहाज बनवणाऱ्या कारागिरांनी रणगाडे, युद्धनौका आणि मोटारींच्या बाजारातल्या किटांमधले सुटे भाग मूळ मॉडेलवर चिकटवले होते. त्यांचे मॉडेल पाच फुटांचे असल्यामुळे रणगाड्याचा भाग त्यावर शोभून दिसतो. माझ्या दहा सेंटिमीटरच्या जहाजावर तोच भाग इमारतीएवढा झाला असता. तोडगा आमच्या वसाहतीखालच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर सापडला. तेथील दादांनी बंद पडलेल्या फोनचे दोन बोर्ड मला तसेच देऊन टाकले, आणि त्यांवरचे ०४०२ आकाराचे सिरॅमिक कपॅसिटर मी सोल्डरिंग गनने काढले. एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असा हा चौकोनी दाणा या प्रमाणात ३५ बाय साडेसतरा सेंटिमीटरची पेटी होतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांची धातूची टोपी प्रायमरखालूनही पायरीसारखी उठून दिसते. चाळीसेक दाणे लावले. पाइपसाठी जुन्या इअरफोनच्या वायरमधला तांब्याचा एकेक केस वापरला, आणि अँटेनासाठी रनरचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) तुकडा निरांजनाच्या ज्योतीवर मऊ करून ओढला.

येथे एक गोष्ट उशिरा लक्षात आली. दाणे सारख्या अंतरावर लावले की ते नक्षीसारखे दिसतात, यंत्रासारखे नाही. डाव्या बाजूची पहिली रांग मी म्हणूनच उखडून काढली आणि तीन-चार दाण्यांचे झुबके, मध्ये मोकळी जागा, मग एक लांब पाइप, असे पुन्हा लावले. मोकळी जागा सोडण्याचे धाडस होत नसेल, तर चिमटा खाली ठेवून चहा करून यावा.

प्रकाशाचे काम मला सर्वांत जड गेले. मागच्या इंजिनाची पट्टी संपूर्ण, अखंड आणि मंद उजळली पाहिजे. तिच्यात ठिपके दिसता कामा नयेत. किटमधली पट्टी बाजूला ठेवून मी अर्ध्या मिलिमीटरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याची नवी पट्टी कापली आणि ६०० नंबरच्या पेपरने घासून तिला धुरकट केले. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून ०६०३ आकाराचे पांढरे एलईडी आणले होते; ते दुहेरी टेपवर पालथे चिकटवून वाइंडिंगची ०.१ मिलिमीटरची तार जोडली. या तारेवरचे वार्निश खरवडत बसू नये, कथिलाच्या गरम थेंबात टोक बुडवले की ते जळून जाते. पाच एलईडी पट्टीकडे तोंड करून बसवले आणि चालू केले, तर पाच टाचण्यांची डोकी चमकावीत तसे पाच टिंब दिसले. पट्टी आणखी घासली, मागे ट्रेसिंग पेपर लावला, टिंबे पसरट झाली पण गेली नाहीत. शेवटी एलईडींची तोंडे उलट, जहाजाच्या पोटाकडे वळवली आणि समोर पांढऱ्या रंगाची वक्र भिंत उभी केली. आता प्रकाश आधी भिंतीवर पडतो आणि तेथून परतून पट्टीतून बाहेर येतो. टिंबे नाहीशी झाली. पट्टीच्या आतल्या बाजूला टॅमिया या मॉडेलच्या रंगांच्या कंपनीच्या एक्स-२३ या पारदर्शक निळ्या रंगाचा अगदी पातळ हात दिल्यावर पांढऱ्यातला कोरडेपणाही गेला.

वीज यूएसबीवरून, म्हणजे पाच व्होल्टची घेतली आहे. एलईडीवर सुमारे तीन व्होल्ट पडतात आणि उरलेल्या दोन व्होल्टसाठी प्रत्येकाला स्वतंत्र एक किलोओहमचा रोधक लावला, म्हणून प्रत्येकातून साधारण दोन मिलिअँपिअर वाहतात. यापेक्षा जास्त वीज दिली तर इंजिनाऐवजी ट्यूबलाइट दिसते. दोन मिलिमीटरची पितळी नळी हाच स्टँड आहे. ती आतून वरच्या भागाला पक्की बसवली असून खालच्या भागातील छिद्रातून बाहेर येते, ऋण टोक म्हणजे ती नळीच आहे आणि धन तार तिच्या आतून जाते. पॉवर बँकेवर लावले तर दिवे थोड्याच वेळात विझत होते. जोडणी कोठे सुटली हे शोधण्यात एक संध्याकाळ गेल्यावर उमगले की, एकूण दहाच मिलिअँपिअर ओढले जात असल्याने काहीच जोडलेले नाही असे समजून पॉवर बँक स्वतःच बंद होत होती. मोबाइलच्या साध्या चार्जरवर ती अडचण आली नाही. प्लास्टिकमधून प्रकाश झिरपू नये म्हणून आत आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग दिला आहे. कॉकपिटमध्ये दिवा घालण्याचा मोह मात्र आवरला. तेथे काळसर निळा चकचकीत रंग पुरेसा आहे.

मग पाऊस आला. आमच्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनच्या वर फवारणीची पेटी ठेवलेली आहे आणि तिचा पंखा जाळीतून बाहेर सोडलेला आहे. जूनच्या शेवटी आर्द्रतामापक ८० च्या पुढे असताना मी लॅकर प्रायमर मारला, आणि सुकता सुकता तो खडूसारखा पांढुरका पडला. थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, त्या थंड पृष्ठभागावर हवेतले बाष्प जमते आणि थरात अडकते. बिघाड रंगात नसतो. दुसऱ्या आठवड्यात झोपायच्या खोलीतला एसी दोन तास चालवून तेथील कोरड्या हवेत मॉडेल सुकवले, मग सावकाश उडणाऱ्या लेव्हलिंग थिनरचा नुसता ओलसर हात फिरवला. थर पुन्हा विरघळला, अडकलेले पाणी निघून गेले आणि पांढुरकेपणा गेला. कॉम्प्रेसरच्या पाणी अडवणाऱ्या बाटलीत रोज सकाळी चमचाभर पाणी साचत होते, हेही नोंदवून ठेवतो.

रंगाचे काम त्यामानाने सुरळीत झाले. गडद करड्यावर एअरब्रशच्या ०.२ मिलिमीटरच्या नोझलने टॅमियाच्याच एक्सएफ-२ पांढऱ्यात एक्सएफ-१९ (करडा) आणि एक्सएफ-५७ (बदामी) चे काही थेंब मिसळून ठिपक्या-ठिपक्यांनी भरत गेलो, खालचा करडा पूर्ण झाकू न देता. तांबड्या चौकटींसाठी एक्सएफ-६४ या तांबूस तपकिरीत पांढरा घालून तो विटका केला. फलाटावरून पाहिलेले फिकेपण येथे उपयोगी आले. डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे, मोजकीच लावली.

आता माझी चूक. पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांमधल्या खाचा, उठून दिसाव्यात म्हणून मी इनॅमल रंगाचा पातळ वॉश (खाचांत मुरणारा पाणीदार रंग) केला आणि आळस करून तो ब्रशने भरपूर सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर जहाजाच्या पुढे आलेल्या दोन सुळक्यांपैकी डाव्या, म्हणजे डाव्या जबड्याच्या, मुळाशी बारीक तडा होता, आणि हात लावताच जबडा निघून हातात आला. खुंटी भोकात घट्ट बसते तेव्हा आजूबाजूचे प्लास्टिक सतत ताणाखाली असते. इनॅमलचा थिनर रंगाच्या फटीतून तेथे पोचला की ते ताणलेले प्लास्टिक तडकते. सुटे प्लास्टिक त्याच थिनरमध्ये बुडवले तर सहसा काही होत नाही, म्हणून हा धोका सहज लक्षात येत नाही. इलाज दोन होते आणि दोन्ही आधी करायला हवे होते : जुळणीपूर्वी खुंट्या किंचित छाटून भोके सैल करायची व तुकडे पातळ सिमेंटने जोडायचे, आणि वॉशपूर्वी एक्स-२२ या पारदर्शक रंगाचा चकचकीत संरक्षक थर द्यायचा. जबडा आता आतून ०.५ मिलिमीटरच्या पितळी पिनेने जोडला आहे. सांधा बाहेरून दिसत नाही, पण मला दिसतो. दुसऱ्यांदा वॉश तैलरंगाचा केला, आणि तो खाचेत ब्रशच्या टोकाने टेकवून लगेच टिपून घेतला.

मॉडेल वापरून मळल्यासारखे रंगवण्यासाठी संदर्भ घ्यायला मी रविवारी कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे गेलो. फाल्कन हे शेवटी मालवाहू जहाज आहे, आणि मालवाहतूक करणारी गाडी कशी मळते हे तेथे उभ्या असलेल्या ट्रेलरांकडून शिकावे. मळ काळा नसतो, हे पहिले. तो बदामी आणि विटकरी असतो. काळे असते ते फक्त डिझेलच्या टाकीच्या तोंडाभोवती आणि सायलेन्सरच्या मागे. दुसरे असे की, जेथे माणसाचा पाय किंवा दोर सतत लागतो तेथे रंग उडालेला असतो, बाकी ठिकाणी तो केवळ विटलेला असतो. मी याआधी सगळ्या कडांवर सारखेच चंदेरी ओरखडे काढत असे. या वेळी ते फक्त दारांपाशी आणि तोफेभोवती काढले. ओघळांच्या दिशेबाबत मात्र ट्रेलरचे ऐकले नाही, कारण ट्रकवरचे ओघळ पावसाने खाली येतात, आणि हे जहाज वातावरणात शिरताना मळ मागे ओढला जाणार. म्हणून पेस्टलची पूड मऊ ब्रशने पुढून मागे एकाच दिशेने ओढली, मागच्या गोल झरोक्यांभोवती थोडी गडद.

नियम दुसऱ्यांदा मोडला तो येथेच. एका झरोक्यात पितळी पत्र्याची जाळी घातली, तिची सळई ०.१ मिलिमीटरची आहे. ती काढून टाकावी की ठेवावी याचा निर्णय झालेला नाही, आणि बाकीच्या झरोक्यांत ती घालण्याइतका पत्राही उरलेला नाही.

खालच्या भागाच्या चार नळ्या तयार आहेत, कपॅसिटरचे दाणे अजून अठरा-वीस आहेत, खुंट्या या वेळी आधीच छाटल्या आहेत. डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्या घातल्या आहेत आणि आर्द्रतामापक आज ८६ दाखवतो आहे, म्हणून फवारणी थांबली असून सध्या रोज रात्री उजव्या भिंतीवर पाच-सहा दाणे लावणे चालू आहे.