पडद्यामागचा कार्यक्रम

आमच्या घरात पॉटी येऊन चार महिने झाले. पिवळी, बदकाच्या तोंडाची. या चार महिन्यांत तिच्यात बाहुली बसून गेली, ठोकळे भरून झाले, एकदा तर नवऱ्याचा हरवलेला मोजा तिच्यातच सापडला, ती टोपी म्हणून डोक्यावर चढली आणि तिच्यावर उभं राहून खिडकीची कडी काढायचा प्रयत्नही झाला. ज्या कामासाठी आणली तेवढं सोडून आधी सगळं झालं.

कन्या पावणेतीन वर्षांची आहे. शी आली की आईला सांगायचं हं, असं म्हटलं की "हो" म्हणते, आणि इतकं समजूतदारपणे म्हणते की मला वाटतं चला, आज जमतंय. मग दहा मिनिटांनी घर एकदम गप्प होतं. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना या शांततेचा अर्थ सांगायला नको. बाईसाहेब हॉलच्या पडद्यामागे असतात. खालून फक्त दोन पावलं दिसतात आणि आतून ऑर्डर येते, "तू जा. बघू नको."
"काय चाललंय गं?"
"काही नाही."

मी आपली सगळं वाचून वगैरे तयारीत होते. पोटात अन्न गेलं की खाली आतड्यांना जाग येते, हे मोठ्यांचंही होतं, म्हणून जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बसवायचं. पाय लोंबकळले तर जोर लावता येत नाही, म्हणून पाय नीट टेकले पाहिजेत. सगळं केलं. तिनेही सहकार्य केलं बरं का, गाणी म्हटली, बदकाला नाव ठेवलं, मला तीन गोष्टी सांगायला लावल्या, मग उठली, "डायपर घाल" म्हणाली आणि थेट पडद्यामागे.

तेव्हा माझ्या डोक्यात जरा उजेड पडला. म्हणजे हिला आधी कळतंय. कळल्यावर थांबवता येतंय. जागा निवडता येतेय, तिथपर्यंत चालत जाता येतंय, वर माणसांना हाकलताही येतंय. मग मी शिकवतेय काय नक्की? सगळं येतंय की पोरीला, फक्त तिचा पत्ता वेगळा आहे आणि माझा वेगळा.

पण हे कळायच्या आधी मी एक मोठा घोळ घालून ठेवला होता, तोही सांगून टाकते. एका सोमवारी सकाळी मी डायपर बंद म्हणून जाहीर केलं. एकदम कडक. तर हिने काय करावं, शी करणंच बंद केलं. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पाय एकमेकांवर दाबून, टाचा उंच करून घरभर फिरायची आणि मी मागे "आली का? आली का?" करत. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाले की पॉटी काही दिवस विसरा, डायपर परत सुरू करा. शी धरून ठेवली की मोठं आतडं त्यातलं पाणी ओढत राहतं, खडा होतो, मग दुखतं, दुखलं की मूल अजून घट्ट धरतं. असं खूप दिवस चाललं तर आतून जागा ताणली जाते आणि शी आल्याचं मुलाला धड कळतही नाही. मी तोंड पाडून ऐकत होते. औषध, भरपूर पाणी, आणि "आली का" हा प्रश्न आठवडाभर बंद, एवढं घेऊन घरी आलो. प्रश्न बंद करणं सगळ्यात अवघड गेलं, खरं सांगते.

मग एका रात्री वाचताना ब्रेझलटन नावाचे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ भेटले. त्यांनी १९६२ साली आपल्याकडे येणाऱ्या ११७० मुलांच्या नोंदींवरून लिहिलं होतं की घाई करू नका, आधी मुलाला कपड्यांसकट नुसतं बसू द्या, मग डायपरमधली शी त्याच्या देखत पॉटीत टाकून दाखवा. हे मी करून बघितलं. तिने फार गंभीरपणे बघितलं. मग मी ते कमोडमध्ये ओतून फ्लश केलं तर ही धाय मोकलून रडायला लागली. तिचंही बरोबरच आहे म्हणा. आधी वाऽऽ म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि मग पोरीने केलेली वस्तू तिला न विचारता घालवून द्यायची, वर एवढा मोठा आवाज. दिवसभर काय घालायचं, कधी झोपायचं, कधी निघायचं, सगळं आम्हीच ठरवतो, तिच्या पूर्ण हातात असलेलं हे एवढं एकच डिपार्टमेंट, तिथेही आई टपकली.

म्हणून मग मी काही बोलले नाही. पॉटी उचलली आणि पडद्यामागे ठेवली.

पहिले तीन-चार दिवस ती डायपर घालूनच बदकावर बसली. मी स्वयंपाकघरात, मुद्दाम भांड्यांचा आवाज करत. सहाव्या दिवशी पडद्याआडून डायपरच्या पट्ट्या उचकटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग हाक, "आईऽऽ! बदकात पडली!" नवरा मीटिंग सोडून पळत आला. फ्लशचं बटण आता तीच दाबते, आधी टाटा करून, दोन्ही कान हातांनी झाकून, त्यामुळे दाबायला हात उरत नाही आणि शेवटी हनुवटी वापरावी लागते.

रात्रीचा डायपर आहे अजून, त्याचं मी मनावर घेत नाही, ते शरीराच्या वेळेनं होतं, काही मुलांना पाच वर्षं लागतात. माझा प्रॉब्लेम सध्या वेगळाच आहे. हॉलच्या पडद्यामागे पॉटी आहे आणि आमच्याकडे माणसं येतात. म्हणून ती झोपली की मी बदक वीतभर बाथरूमकडे सरकवते. सकाळी उठून ती ते परत मागे ढकलते, पण पूर्ण नाही, चार बोटं कमीच. कालपर्यंत आमची दीड फूट प्रगती आहे.