सुनेच्या पिशवीतला जुना एक्स-रे

आजी ७८ वर्षांच्या. पहाटे लघवीला उठल्या आणि मोरीत घसरल्या. आमच्याकडे आल्या त्या चौथ्या दिवशी. तोवर गावात तेल लावून चोळून, शेकून झालं होतं. उजवा पाय आखूड, पाऊल बाहेर वळलेलं. असा पाय दिसला की एक्स-रेआधीच कळतं, खुबा मोडलाय. इंटरट्रोकँटरिक फ्रॅक्चर, म्हणजे खुब्याच्या सांध्याच्या जरा खाली मांडीचं हाड मोडलेलं. यात मांडीच्या आतच रक्त साचतं, वरून फारसं दिसत नाही. हिमोग्लोबिन ७.८ वर आलं होतं.

"डॉक्टर, या वयात आईला ऑपरेशन झेपेल का?" मुलाने विचारलं. ऑपरेशनची भीती सगळ्यांना, अंथरुणाची कुणालाच नाही. न्यूमोनिया, पाठीच्या जखमा, पायातल्या रक्ताच्या गुठळ्या, म्हातारी माणसं जातात ती यांनी. म्हणून तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन करायचं असतं. आम्ही आधीच चार दिवस मागे. त्यात रक्ताच्या दोन पिशव्या, आणि फिटनेससाठी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. धाप नाही, हृदयात मर्मरचा जादा आवाज नाही, तरी एको हवाच. आणि एकोवाले डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतात! भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "एकोसाठी थांबू नका, मी घेते केस." म्हणून सहाव्या दिवशी तरी पीएफएन झालं: मांडीच्या हाडात आतून सळई, आणि तिच्यातून खुब्याच्या गोळ्यात स्क्रू.

ट्रॅक्शन टेबलवर पाय ओढून आत वळवला, सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशन चालू असताना दिसणाऱ्या एक्स-रेखाली, तुकडे नीट जुळले. हाड आतून कोरणारा रीमर मी हातानेच फिरवला. चांगल्या हाडात मनगट भरून येतं. इथे तो आपसूक आत जात होता. अशा हाडात स्क्रू खुब्याच्या गोळ्याच्या मधोमध आणि खोलवर बसायला हवा. त्याच्या टोकापासून गोळ्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर, समोरच्या आणि बाजूच्या फिल्मवरचं मिळून, २५ मिलिमीटरच्या आत. नाहीतर स्क्रू हाड कापत बाहेर येतो. स्क्रूची वाट ठरवणारी गाइड वायर दोनदा काढली, तिसऱ्यांदा मनासारखी बसली. दुसऱ्या दिवशी आजी वॉकर धरून उभ्या राहिल्या.

त्याच संध्याकाळी राउंडला सूनबाईंनी पिशवीतून जुने कागद काढले. मनगटाचा एक्स-रे, दोन वर्षांपूर्वीचा. केसपेपरवर अक्षर माझं: प्लास्टर सहा आठवडे, कॅल्शियम. एवढंच.

चालता चालता पडून मनगट मोडलं, तर ती ठिसूळ हाडांची पहिली खूण समजायची, हे मी रेसिडेंटना दरवर्षी शिकवतो. आजींची डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, मी केली नव्हती. रात्री झोपेची गोळी घेता का, हेही विचारलं नव्हतं. त्या घेत होत्या.

सहा आठवड्यांनी आजी तपासायला आल्या. फ्रॅक्चर भरत होतं. डी जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन बघून हाडांची झीज रोखणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड लावलं. वर्षातून एकदा द्यायचं, पंधरा-वीस मिनिटांची सलाईन. सूनबाई बाटलीकडे बघत होत्या.

"डॉक्टर, हे हात मोडला तेव्हा देता आलं असतं का?"

"हो," मी म्हणालो.