पटनचेरूतले पड रान

सोलापूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग पटनचेरूवरूनच जातो, आणि तरीही आमच्या अभ्यास दौऱ्याची बस इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेच्या फाटकासमोरून न थांबता थेट शहरात गेली. संयोजकांच्या हिशेबात चारमिनार आधी आणि शेती नंतर होती. पहिला दिवस मोत्यांच्या दुकानांत आणि बिर्याणीच्या रांगेत गेला. बिर्याणी बरी होती, याहून अधिक त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या दिवशी, ज्यासाठी एवढा प्रवास केला त्या शिवाराच्या वाट्याला जेमतेम एक दुपार आली. कोरडवाहू पिकांवर काम करणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ मध्ये येथे स्थापन झाली. काळी आणि तांबडी अशा दोन्ही जमिनी एकाच आवारात सापडतात, हे या जागेचे मोठेच वैशिष्ट्य. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर आणि भुईमुगाच्या लाखाहून अधिक वाणांचे नमुने जपणारी जनुकपेढी आम्ही धावतपळत पाहिली. दारातच फोटो काढणाऱ्यांची एवढी गर्दी झाली की मागच्यांना मार्गदर्शकाचा आवाजही ऐकू येईना.

मी आणि माझे थोरले चुलते अण्णा खऱ्या अर्थाने थांबलो ते काळ्या जमिनीच्या दोन शेजारच्या रानांपाशी. १९७६ पासून तेथे एकच प्रयोग चालू आहे. एका बाजूला रुंद वरंबा सरी: दीड-दीड मीटरवर उताराला धरून काढलेल्या सऱ्या, वरंब्यावर ज्वारी आणि तुरीचे आंतरपीक, बांधाला गिरिपुष्पाची झाडे. त्यांचा पाला छाटून रानात टाकतात. रब्बीचे पीक निघताच, जमीन दगडासारखी होण्याआधी नांगरट उरकायची आणि मृगाच्या तोंडावर कोरड्या मातीतच धूळपेरणी करायची, अशी ही रीत आहे. दुसऱ्या बाजूचे रान मात्र जुन्या पद्धतीने मुद्दाम तसेच ठेवलेले: पावसाळाभर मोकळे, आणि रब्बीला ज्वारी किंवा हरभरा. आम्ही गेलो तेव्हा नुकताच जोराचा पाऊस होऊन गेला होता. वरंब्यांमधल्या सरीतून पाणी सावकाश निघत होते आणि बऱ्यापैकी निवळ होते. शेजारच्या उघड्या रानातले पाणी गढूळ होऊन, जागोजागी घळी पाडत धावत होते. दोन्हींच्या तोंडाशी पाणी मोजण्याची सोय केलेली आहे. दीर्घकाळाची सरासरी काढली तर जुन्या रानातून हेक्टरी सहा टनांहून अधिक माती दरवर्षी वाहून जाते, सुधारित रानातून सुमारे दीड टन. धान्याचे पाहाल तर सुधारित रानात हेक्टरी सुमारे पाच टन आणि जुन्या रानात सुमारे एक. सुधारित रानाच्या मातीत सेंद्रिय कर्बही अधिक साठला आहे.

आमच्याबरोबर आलेला अकोल्याकडचा तरुण संशोधक हे आकडे सांगत असताना अण्णा उघड्या रानाकडे पाहत उभे होते. मग ते एकदम म्हणाले, "हे आमच्या वडिलांचं रान हाय. त्यांनी पावसाळ्यात पड ठेवलं, ते काय आळशी होते म्हणून?"

पाठीमागचे काही जण हसले. त्या हसण्याचा मला आजही राग आहे, कारण प्रश्न बिनतोड होता. काळ्या रानाला पाऊस लागला की पाय रुततो, वाफसा यायला आठवडा जातो, औत घालता येत नाही. त्यातून आमच्या मोहोळकडे पाऊस आला तर येतो. खरिपाच्या पेरणीवर बी उधळण्यापेक्षा खोल जमिनीत ओल मुरवायची आणि तिच्या जोरावर शाळू काढायचा, ही जुगार टाळण्याची रीत होती. त्या मुलानेही वाद घातला नाही. "काका, तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. ही पद्धत प्रामुख्याने खात्रीच्या पावसाच्या खोल काळ्या जमिनींसाठी आहे, हे त्याने स्वतःहून सांगितले. संस्थेने १९७५ पासून ज्या गावांमध्ये घरोघरी जाऊन शेतीचा हिशेब टिपून ठेवला, त्यांत अकोल्याच्या कानझऱ्याबरोबर आमच्याकडचे शिरापूर आणि कळमणही होते. तेथील पड रानाचे कारण शास्त्रज्ञांना तेव्हाच उमगले होते, हेही त्यानेच सांगितले. मग दौऱ्याच्या माहितीपत्रकात त्या रानापुढे नुसते 'पारंपरिक' असे छापून मोकळे का व्हावे, हे मला कळले नाही.

वरंबे काढायला संस्थेने त्या काळी बैलांनी ओढायचे चाकांचे औजार पुढे आणले होते. ते कामाला उत्तम, पण साध्या औताच्या मानाने फारच महाग. शेतकऱ्यांनी ते घेतले नाही. आज विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनला ट्रॅक्टरच्या बीबीएफ (म्हणजे रुंद वरंबा सरी) यंत्राने वरंबे पाडतात, म्हणजे कल्पना टिकली आणि बैल गेले. अण्णांना दर एकरी भाडे विचारायचे होते. शिवाय पाऊस दगा देतो त्या एखाद्या वर्षी या दोन रानांत काय निघाले, तेही पाहायचे होते. वर्षवार नोंदी कार्यालयात आहेत, चला दाखवतो, असे तो मुलगा म्हणालाही. पण तोवर संयोजकांनी बसचा हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती.

ज्यांना हे शिवार नीट पाहायचे आहे त्यांनी दौऱ्याबरोबर जाऊ नये, असे मी सांगितले असते. मात्र आत जायला आधी परवानगी काढावी लागते, आणि ती खटपट नको म्हणूनच आम्ही दौऱ्यात नाव घातले होते.