परातीतला फुटबॉल: लुईसची एक शनिवारवारी

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून दक्षिणेकडच्या ससेक्स परगण्यातल्या लुईस या गावाला जाणारी गाडी कधी कधी हेवर्ड्स हीथला दुभंगते. अर्धे डबे लुईसकडे जातात आणि अर्धे समुद्रकाठानं पश्चिमेला. कुठल्या डब्यात बसायचं ते डब्यातल्या पाटीवर लिहिलेलं असतं, घोषणाही होते. मी खिडकीतून मेंढ्या बघत बसलो आणि होव्हला पोचलो. तिथून ब्रायटन, ब्रायटनहून दुसरी गाडी. एरवी तासाभराचा प्रवास, मला दोन तास लागले.

चुकीचा एक फायदा मात्र झाला. ब्रायटन ते लुईस हा पाव तासाचा पट्टा बघायला मिळाला. मध्ये फाल्मर स्टेशन लागतं आणि खिडकीतच प्रीमियर लीगमधल्या ब्रायटनचं तीस हजारांवर माणसं मावणारं स्टेडियम उभं राहतं. पुढचंच स्टेशन लुईस. तिथल्या क्लबच्या मैदानात तीन हजार माणसं मावतात, आणि तेवढीही क्वचितच येतात. एवढ्या मोठ्या शेजाऱ्याच्या सावलीत हा क्लब १८८५ पासून टिकला आहे. कसा टिकला, हे बघायलाच मी निघालो होतो.

स्टेशनातून बाहेर पडलात की पाच मिनिटांत मैदान. नाव ‘ड्रिपिंग पॅन’. मांस भाजताना त्याची चरबी गळून ज्यात साठते, ते पसरट भांडं; आपण परात म्हणू. आत शिरल्यावर नावाबद्दल विचारावं लागत नाही. मैदान खोलगट आहे आणि कडेनं गवताचे उतार वर चढलेले, थेट परातीच्या काठासारखे. इथे पूर्वी मठातल्या साधूंचं मिठागर होतं, असं काही जण सांगतात. शेजारी जे टेकाड आहे त्यासाठी इथूनच माती उकरली, असं दुसरे म्हणतात. खरं काय ते जाणकारांनाही ठामपणे सांगता येत नाही. मला मिठागराची गोष्ट जास्त आवडली, पण ते कोकणातल्या आजोळामुळे असेल.

मठ मात्र खराच होता. अकराव्या शतकातला, क्लूनी या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचा इंग्लंडमधला पहिला. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३७ च्या सुमारास, तो पाडला गेला. उरलेसुरले अवशेष मैदानाला लागूनच आहेत आणि बघायला पैसे पडत नाहीत. १८४५ मध्ये रेल्वेमार्ग या अवशेषांतूनच खणत नेला, तेव्हा मठ बांधणाऱ्या सरदाराच्या आणि त्याच्या बायकोच्या अस्थी शिशाच्या पेट्यांत सापडल्या. सामना तीनला सुरू होतो. तुम्ही बाराला पोचा, म्हणजे हे सगळं निवांत होतं.

आता क्लबाविषयी. तो निमव्यावसायिक आहे, म्हणजे खेळाडूंना मानधन मिळतं, पण बहुतेकांचं पोट दुसऱ्या नोकरीवर चालतं. क्लबाचं टोपणनाव ‘रूक्स’. रूक हा कावळ्याच्या कुळातला पक्षी. रंग लाल-काळा. पहिली कितीतरी दशकं ससेक्स परगण्यातल्या स्पर्धांमध्ये गेली, १९७७ मध्ये लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधल्या क्लबांच्या इस्थमियन लीगमध्ये प्रवेश मिळाला. २००१ मध्ये एफए कप या देशव्यापी चषकाच्या मुख्य स्पर्धेची पहिली फेरी पहिल्यांदाच गाठली आणि स्टोक सिटीकडून ०-२ हरले.

मग आलं २००८. सहाव्या पातळीवरची कॉन्फरन्स साउथ ही लीग जिंकून क्लब देशाच्या पाचव्या पातळीवर चढला. पण चढलेल्या पायरीचं भाडं परवडेना. ज्या प्रशिक्षकानं जिंकून दिलं त्यालाच निरोप दिला गेला, बहुतेक संघ पांगला आणि पुढच्या वर्षी लुईस तळाला राहून खाली आला. त्यामागोमाग कर्जाचा फास. जिंकल्यामुळे बुडायची वेळ येणं ही इंग्लंडच्या छोट्या क्लबांची जुनीच गोष्ट आहे.

२०१० मध्ये, क्लबाच्या सव्वाशेव्या वर्षी, ‘रूक्स१२५’ नावाच्या स्थानिकांच्या गटानं क्लब हातात घेतला आणि तो लोकांच्या मालकीचा केला. ठरलेली रक्कम भरा, मालक व्हा. कितीही पैसे असले तरी मत एकच. आपल्याकडच्या सहकारी सोसायटीसारखंच, फक्त सभेत भांडण पार्किंगऐवजी गोलकीपरवरून. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी बोलता बोलता “आमचा क्लब” म्हटलं, तेव्हा ते शब्दशः खरं होतं.

याच मालकांनी २०१७ मध्ये ठरवलं की महिला आणि पुरुष संघांना सारखंच मानधन, सारखंच मैदान, सारख्याच सोयी. व्यावसायिक किंवा निमव्यावसायिक क्लबानं असं करणं जगात पहिल्यांदाच होत होतं. पुढे त्यांनी एफए कपच्या बक्षिसांमधल्या तफावतीवरही जाहीर आवाज उठवला. पुरुषांची रक्कम महिलांच्या साधारण शंभर पट होती. २०२३ च्या मार्चमध्ये महिला संघ एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि मँचेस्टर युनायटेडला या परातीत यावं लागलं. लुईस १-३ हरलं, पण गोल झाला! तेव्हा तो सामना बघितलेली एक बाई तो गोल मला हातवारे करून सांगत होती, आणि समोर चाललेल्या सामन्याकडे आमचं दोघांचंही लक्ष नव्हतं. तसा तो सुमारच होता.

इथे बिअरचा ग्लास घेऊन मैदानाच्या कडेला उभं राहता येतं. पुरुषांच्या वरच्या पाच पातळ्यांवर कायद्यानं त्याला मनाई आहे, लुईसचा पुरुष संघ खेळतो ती इस्थमियन लीग त्याच्या खाली. बिअर बहुतेक ठिकाणी गावातल्याच हार्वेजची, १७९० पासूनची. उतारावर समुद्रकिनाऱ्यावर असतात तशा लाकडी खोपट्या आहेत; मोठ्या क्लबांच्या काचेरी कक्षांची ही इथली आवृत्ती. गवतावर उभं राहणार असाल तर बूट जाड तळाचे घाला. माझे मोजे मध्यंतरालाच ओले झाले होते.

सामना संपल्यावर लगेच गाडी पकडू नका. चढ चढून हाय स्ट्रीटवर जा आणि बुल हाउस शोधा. १७६८ ते १७७४ या काळात टॉमस पेन या गावात राहायचा, अबकारी खात्यात नोकरीला. पगार वाढवावा म्हणून त्यानं आपल्या खात्यातल्या लोकांची बाजू इथूनच लिहून काढली. पुढे माणसाच्या हक्कांवर त्यानं जे लिहिलं, ते १८४७ च्या सुमारास पुण्यात एका विशीतल्या तरुणानं वाचलं आणि वर्षभरात मुलींची शाळा काढली. जोतीराव फुल्यांनी वाचलेल्या माणसाच्या घराखाली मी ओल्या मोज्यांनी बराच वेळ उभा होतो.

तारखा ठरवताना दोन गोष्टी बघा. पुरुषांचे सामने सहसा शनिवारी, महिलांचे रविवारी. पण पावसानं मैदान चिखल झालं तर सामना सकाळी रद्द होऊ शकतो, म्हणून निघण्यापूर्वी खात्री करा. आणि ५ नोव्हेंबर टाळा. त्या रात्री १५५५ ते १५५७ मध्ये इथे जाळलेल्या सतरा प्रोटेस्टंटांच्या आठवणीत गावभर मशाली निघतात, रस्ते बंद होतात, आणि गेली काही वर्षं संध्याकाळी गाड्या लुईसला थांबवतच नाहीत.

परतताना मी डब्यातली पाटी दोनदा वाचली.