स्टर्लिंग रोडवरचं डबकं

लंडनला आलेला माणूस राणीचा वाडा बघतो, पूल बघतो. मी आतेबहिणीकडे लंडनजवळच्या स्लाऊला उतरलो होतो आणि तिच्या दहा वर्षांच्या लेकाला घेऊन औद्योगिक वसाहत बघायला निघालो. "दादा, गोडाऊनं आहेत रे तिथे नुसती," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

एलिझाबेथ लाइनने एकच स्टेशन, बर्नहॅमला उतरलो. पाऊस नुकताच थांबला होता. चाकण डोळ्यांसमोर आणा आणि त्यातून चहाच्या टपऱ्या उचला, झाली ही वसाहत. १९२० पासूनची. मार्सचा चॉकलेटचा कारखाना इथलाच, त्यामुळे भाचा सोबत यायला तयार झाला होता. मला मात्र स्टर्लिंग रोड बघायचा होता. १९६४ पासून दोनेक वर्षं 'थंडरबर्ड्‌स' या मालिकेचं चित्रीकरण त्या रस्त्यावर चाललं होतं.

जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांची ही कठपुतळ्यांची मालिका. भाग ३२, पहिला दाखवला ३० सप्टेंबर १९६५ ला. कल्पना सुचली जर्मनीतल्या लेंगेडेच्या दुर्घटनेवरून. १९६३ मध्ये तिथल्या खाणीत पाणी शिरलं आणि अकरा कामगार चौदा दिवसांनी छिद्र पाडून वर काढले. छिद्र पाडायचं यंत्र लांबून आणावं लागलं होतं. अशी अवजड यंत्रं कुठेही झटक्यात पोचली तर? झाली मालिका तयार.

बाहुल्या मला कधीच फारशा आवडल्या नाहीत, चालायला लागल्या की हसू येतं. माझा जीव यंत्रांवर. त्यातला क्रॅबलॉगर तर माझा लाडका: पुढच्या नांग्यांनी जंगलातली झाडं उपटून पोटात घालणारं, आतल्या आत त्यांचा लगदा करणारं धूड. चालकांना हॉटेलातलं जेवण बाधतं, ते आडवे होतात आणि यंत्र आपलं चालतच राहतं, धरणाच्या दिशेने. टेबलावर मावेल असं खेळणं ते, पण पडद्यावर जमीन हादरल्यासारखी वाटते.

ही करामत डेरेक मेडिंग्ज आणि त्यांच्या माणसांची. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या किटांचे तुकडे डकवून यंत्रांचा बारीकसारीक तपशील उभा करायचा. थंडरबर्ड १ हे मालिकेतलं रॉकेट जिथून उडतं, त्या तळाच्या भिंतीवर तर चक्क लिंबू पिळायचं भांडं बसवलंय. विमान धावपट्टीवर पळवायचं तर विमान जागेवर ठेवून खालचा पट्टाच पळवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रंग दिलेलं नवंकोरं मॉडेल आधी मळवायचं.

स्टर्लिंग रोडवर स्टुडिओची आठवण करून देणारं मला काही दिसलं नाही. कुंपणं, शटर, उभी केलेली एक लॉरी. पण त्या लॉरीपाशी मी थबकलो. प्रत्येक बोल्टखाली गंजाचा एकेक ओघळ, डिझेलच्या टाकीच्या तोंडाशी काळा डाग, चाकांमागे चिखलाचा पंखा. मेडिंग्जची माणसं ब्रशने काढायची ते हेच.

"मामा, आता काय बघायचं?" भाच्याने विचारलं. त्याच्या खिशात पिवळा डंपर होता, रस्त्याच्या कडेला डबकं होतं. फोन स्लो मोशनवर टाकला, सेकंदाला १२० फ्रेम. त्या काळी कॅमेराही असाच नेहमीच्या पाचेक पट वेगाने चालवत, त्यामागे साधं गणित आहे. वस्तू २५ पट लहान केली की ती पडायला वेळ पाच पट कमी लागतो. तेवढं चित्र संथ केलं की वजन येतं. डंपर काठावरून ढकलला. फोनवर पाहिलं तर खरोखर दरडीवरून ट्रक कोसळावा तसा तो हळूहळू कलंडत गेला. मी खूश!

मग पाणी उडालं आणि सगळं फसलं. एकेक थेंब डंपरच्या चाकाएवढा. पाण्याला लहान करता येत नाही, थेंब आपल्या मापाचेच राहतात. मालिकेतही समुद्र आला की डोळा लगेच ओळखतो. आम्ही सात वेळा प्रयत्न केला. सातव्या वेळी भाच्याचा बूट आत गेला.

घरी बहिणीने विचारलं, "काय पाहिलंत रे?"

"पडल," तो म्हणाला, आणि मग मराठी शब्द आठवून, "डबकं."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या बुटांकडे.